काटा अडतो तेव्हा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला एकवीस दिवस झाले होते आणि काटा नऊ दिवस १०४.६ वर बसून होता. सकाळी उठल्या उठल्या वजन, अंघोळीनंतर वजन, एकदा तर काटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन वजन, न्हाणीघराची फरशी उतरती असेल म्हणून. आकडा तोच. पोटात जात होतं ते डाळीचं पाणी, ताक, प्रोटीन पावडर आणि गाळून घेतलेली पेज. सगळं मिळून सहाशे कॅलरीसुद्धा होत नसतील. सासूबाई दारातूनच विचारायच्या, “कितें गो, अजून तितलेंच?” त्यांना काळजी होती, पण त्या आवाजात मला ऑपरेशनचं बिल ऐकू यायचं.

मी गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जा नव्याने तयार होत नाही आणि नाहीशीही होत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि इथे माझंच शरीर सहाशे कॅलरीवर चालून एक ग्रॅमही कमी व्हायला तयार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “होतं असं, होईल कमी.” ते खरंच होतं, पण विज्ञानाच्या बाईचं त्याने समाधान होईना. मग वाचलं, डाएटिशियनला छळलं, आणि एक गोष्ट कळली ती आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ‘वजन थांबलं’ हे शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या प्रकारांना सरसकट वापरतो. तिसऱ्या आठवड्यातलं थांबणं आणि चौदाव्या महिन्यातलं थांबणं यांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. म्हणून ‘माझं काय चुकलं’ हे विचारण्याआधी ऑपरेशनला किती दिवस झाले ते मोजायचं.

आधी ऑपरेशनबद्दल थोडक्यात. माझं झालं ते स्लीव्ह. यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी एक नळी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार बायपास, हृदयाचा नव्हे, पोटाचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरतं, पण तेवढंच नाही. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात बनतं, आणि स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारी जीएलपी-१ सारखी हार्मोन्स जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त सुटतात. त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. माझ्याकडे तर कोणी आठवण केल्याशिवाय जेवण व्हायचं नाही, आणि हे लिहिताना मलाच खरं वाटत नाही.

आता तो तिसरा आठवडा.

आपल्या शरीरात साखरेचा एक राखीव साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा ठेवता येत नाही. दर ग्रॅमामागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून बसतो. म्हणजे अर्धा किलो ग्लायकोजेन आणि दीड किलो पाणी, एकूण दोन किलो. खाणं एकदम तुटलं की शरीर पहिला हात या साठ्यावर टाकतं. साठा संपतो, त्याचं पाणी लघवीवाटे जातं. त्यात मीठ कमी पोटात गेल्यामुळे आणखी पाणी सुटतं, आतडी रिकामी असतात, थोडे स्नायूही झिजतात. पहिल्या बारा दिवसांत माझे ७.४ किलो गेले. आम्ही सगळे खूश. आता त्यातली चरबी किती ते मोजू. माझं शरीर त्या वेळी दिवसाला साधारण २००० कॅलरी जाळत असेल, खात होते सहाशे. तूट १४००. बारा दिवसांची १६,८००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. भागाकार करा: चरबी सव्वादोन किलोच्या आत. बाकीचे पाच किलो बहुतेक पाणी.

म्हणजे आधी जे झालं तेच जरा फसवं होतं. तिसऱ्या आठवड्यात पातळ पेज, दही, मऊ वरण असं खाणं थोडं वाढतं, ऑपरेशनचा ताण ओसरू लागतो आणि शरीर तो रिकामा साठा थोडाफार भरून घेतं, सोबत त्याचं पाणीही. चरबी रोजच्यासारखी जळतच असते. आठवड्याला किलो-सव्वा किलो चरबी गेली आणि तेवढंच पाणी परत आलं, तर काट्याला दोन्हींची वजाबाकी दिसते: शून्य. काट्याला चरबी आणि पाणी यातला फरक कळत नाही. त्याच दिवसांत केस बांधायला हात वर केले की माझी काकणं सरळ कोपराकडे घसरायची. ऑपरेशनच्या आधी हीच काकणं साबण लावल्याशिवाय निघत नव्हती. फरक पहिल्यांदा सासूबाईंनीच पाहिला, पण त्यांचाही विश्वास काट्यावर जास्त. माझ्या मधुमेहाच्या दोन गोळ्यांची एक झाली तीही याच काट्याने संप पुकारलेल्या पंधरवड्यात. या ऑपरेशनांनंतर रक्तातली साखर वजन उतरायची वाट न पाहता सुधारू लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा आपल्याकडच्या माणसाने ऑपरेशनचा हिशेब किलोंबरोबर साखरेतही मांडायला हवा, असं माझं मत.

काटा अडल्याच्या दहाव्या दिवशी तो १०४.१ वर आला, पुढच्या चार दिवसांत १०२.८. अशी एकदम घसरण झाली की लोक सांगतात, चरबीच्या पेशी रिकाम्या झाल्यावर पाण्याने भरतात आणि मग एके दिवशी ते पाणी सोडून देतात. व्हॉट्सअॅपवर हे फार फिरतं. ऐकायला छान, पण याला भक्कम पुरावा मला कुठे मिळाला नाही. शरीरातलं पाणी कमीजास्त होत असतं एवढं पुरेसं आहे, त्याला पेशींची गोष्ट कशाला जोडायची?

पाण्याचे असे छोटे अडथळे पुढेही येत राहतात. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढतं. बद्धकोष्ठ झालं की वाढतं, आणि प्रोटीन जास्त, पाणी कमी अशा खाण्यात ते होतंच. व्यायाम नव्याने सुरू केला की दुखावलेले स्नायू पाणी धरतात, म्हणून जिमला जायला लागल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत वजन वाढून जिम सोडलेली माणसं मला माहीत आहेत. माझ्या बाबतीत आणखी एक होतं, ते गोव्याबाहेरच्या डाएटिशियनला सांगून कळलं नसतं. माझं ऑपरेशन मे महिन्याच्या सुट्टीत झालं. मासे खायची परवानगी मिळाली तेव्हा १ जूनची मासेमारी बंदी लागलेली, ती ३१ जुलैपर्यंत. बाजारात ताजं काही धड नाही, जे आहे त्याचे भाव ऐकून परत यावं. घरात मात्र पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, सुके बांगडे आणि सुंगटं (कोळंबी). शिळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, पावसात याच्यापुढे काही नाही. मी एक तुकडा खायची, बोटभर. पण सुक्या मासळीतलं मीठ केवढं! दुसऱ्या दिवशी पायांवर मोज्यांचे वळ आणि काटा आठशे ग्रॅम वर. ती काही चरबी नव्हती. आठशे ग्रॅम चरबी चढायला सहा हजारांवर कॅलरी जादा खाव्या लागतात, आणि माझ्या पोटात तेव्हा अर्धी वाटी वरण मावत नव्हतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की रोजच्या आकड्याची भीती निम्मी होते. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदाच वजन करते, रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

दुसऱ्या प्रकारचं थांबणं जास्त खोल आहे. सहा-सात महिन्यांनंतर वजन उतरतं, पण हळू. मग दोन-तीन आठवडे सपाट, मग पुन्हा अर्धा किलो. खाण्यात फरक नसतो, तरी.

आपलं शरीर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांना ऊर्जा लागते. वजन, उंची, वय यांवरून तिचा अंदाज काढायचं एक प्रचलित सूत्र आहे. ऑपरेशनच्या वेळी मी ४२ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंच, ११२ किलो. सूत्राचं उत्तर दिवसाला सुमारे १७२० कॅलरी. त्याच सूत्रात ११२ च्या जागी ८० घातले की उत्तर सुमारे १४००. म्हणजे काहीही न करता रोजचा खर्च ३२० कॅलरींनी कमी. हालचालीचा खर्चही उतरतो. घरचा भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. मी वर्षानुवर्षं तो अंगावर बांधून शाळेचे दोन जिने चढत होते. तो उतरवल्यावर जिना हलका झाला, गुडघे बोलायचे थांबले, आणि त्याच जिन्यावर जळणाऱ्या कॅलरीही कमी झाल्या. फायदा आणि तोटा एकाच वजाबाकीतून निघतो.

शिवाय शरीर नुसतं लहान होत नाही, काटकसरीही होतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांचा ऊर्जेचा खर्च शरीर लहान झाल्यामुळे जेवढा उतरायला हवा त्याहून जास्त उतरला. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, उगाच केलेली हालचाल बंद झाली. शरीराला दुष्काळ आणि डाएट यांत फरक कळत नाही, ते दोन्हींना सारखंच उत्तर देतं. साध्या डाएटमध्ये या काटकसरीच्या जोडीला भूक भडकते, म्हणून उतरलेलं वजन परत येतं. ऑपरेशनने ही भुकेची बाजू दाबून धरलेली असते. काटकसर मात्र राहतेच, मला पहिल्या वर्षी नोव्हेंबरात पंखा नको वाटायचा, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे थंडी कसली.

एका ठिकाणी आपल्या हातात काही असतं, ते म्हणजे स्नायू. वजन वेगाने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या दोघांत पडून राहिल्यावरही जास्त ऊर्जा खाणारा भाग स्नायूच. म्हणून डाएटिशियन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचा घोष लावतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १९-२०. छोट्या पोटात हे बसवायचं तर ताटातला क्रम बदलावा लागतो: आधी मासळी किंवा अंडं किंवा मुगाची गाठी (मोडाच्या मुगाची उसळ), मग भाजी, भात उरलेल्या जागेत. आमच्याकडे भातावर हुमण (माशाची आमटी) ओतून त्यात मासळी चवीपुरती फिरवायची रीत. ती मोडताना घरात दोन दिवस वाद झाला. सोमवारी आणि श्रावणात शिवराक (शाकाहारी) असलं की प्रोटीन हमखास कमी पडतं. मग पनीर, दही, चवळीचं तोणाक (रस्सा) आणि नाइलाजाने ती पावडर, जिची चव मला आजही आवडत नाही. प्रोटीनइतकंच महत्त्व वजन उचलायच्या व्यायामाला. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे वजन कायमचं थांबणं. बहुतेकांचं वजन ऑपरेशननंतर १२ ते १८ महिन्यांत, कधी दोन वर्षांनी, सगळ्यात खाली येतं आणि तिथे राहतं. याला थांबणं म्हणण्यापेक्षा पोचणं म्हणावं. मी पंधराव्या महिन्यात ८०.२ ला पोचले. बीएमआयच्या तक्त्यात अजून ‘लठ्ठ’च. मनात धरलेला आकडा ६५ होता, तो लग्नातल्या फोटोवरून काढलेला. डॉक्टरांनी हिशेब दाखवला: ३१.८ किलो गेले, मूळ वजनाच्या २८ टक्के, आणि स्लीव्हनंतर अपेक्षा साधारण २५ ते ३० टक्क्यांचीच असते. ६५ वर यायचं तर ४२ टक्के जायला हवे होते. ते कोणी कबूल केलंच नव्हतं, मीच गृहीत धरलं होतं. हा आकडा ऑपरेशनच्या आधी कागदावर लिहून घ्यायला हवा, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

पोचल्यावर थोडं वर चढणंही नेहमीचं आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होतं. १२० किलोच्या माणसाचे ३८ गेले, आठ परत आले, तीस गेलेले राहिले. तो अभ्यास बायपासच्या आणि जुन्या पद्धतींच्या काळातला, स्लीव्ह त्यात नाही. पण आलेखाचा आकार ओळखीचाच: खोल उतार, तळ, मग हलका चढ.

हा चढ हलका राहील की नाही ते बरंचसं दुसऱ्या वर्षात ठरतं, कारण तेव्हा भूक परत येते, पोटात जरा जास्त मावतं, आणि एक वेगळीच भानगड सुरू होते. आमच्याकडे संध्याकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो. ताजी पोय, म्हणजे इथला गोल पाव, स्लीव्हमध्ये अडते. छातीत गोळा बसल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. दोन-तीनदा असं झालं की माणूस पोय सोडतो. आणि मग चहात बुडवलेली खारी खातो, कारण ती सुळकन उतरते. खारी, टोस्ट, बिस्किटं, वेफर्स, आइस्क्रीम, सगळ्यांची हीच जात: पोटात थांबत नाहीत, म्हणून पोट भरल्याचा निरोपही जात नाही. ऑपरेशनने जो दरवाजा अरुंद केला, त्यातून घट्ट चांगलं अन्न अडतं आणि मऊ कॅलरी सरकतात. जेवताना पाणी किंवा सोलकढी घेतली तरी अन्न लवकर पुढे ढकललं जातं, असं सांगून अर्धा तास थांबायला लावतात. सोलकढीशिवाय जेवण, हे मला अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

अठराव्या महिन्यात माझं वजन ८३ झालं तेव्हा डाएटिशियनने चार दिवसांचं खाणं लिहायला लावलं, चाखलेलंसुद्धा. मला वाटलं सणावारी खाल्लेलं बाहेर येईल. बाहेर आले स्टाफरूममधले काजू. एका सहकाऱ्याचं सत्तरी तालुक्यात काजूचं भाट (बाग) आहे, त्यांच्या घरची बरणी टेबलावर असते. मधल्या सुट्टीत एक मूठ, शेवटच्या तासाआधी एक मूठ. मुठीत सोळा-सतरा काजू, सुमारे १६० कॅलरी. दोन मुठी, ३२०. वजन कमी झाल्यामुळे जो रोजचा खर्च वाचला होता, नेमका तेवढाच मी हसतखेळत परत भरत होते. काजू वाईट नाहीत, पण त्यांना माझ्या वहीत जागा नव्हती. दारूचंही असंच, फक्त जास्त धोक्याचं. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी, आणि या ऑपरेशनांनंतर ती रक्तात फार लवकर चढते. एप्रिलमधल्या एका पार्टीत बायपास झालेले ओळखीचे गृहस्थ पूर्वीच्या सवयीने हुर्राकचा दुसरा ग्लास घेऊन बसले आणि त्यांना दोघांनी धरून गाडीत नेलं.

काही वेळा मात्र वही तपासून उपयोग नसतो. खाणं खरंच तेवढंच आणि वजन भराभर वाढतंय, तर थायरॉईड तपासावा, चालू गोळ्यांची यादी दाखवावी. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी वजन वाढतं. बायपासमध्ये क्वचित छोटी पिशवी आणि मागे ठेवलेलं जठर यांच्यात आतून वाट तयार होते, ते एंडोस्कोपीत किंवा बेरियमच्या एक्स-रेमध्ये दिसतं. तरुण मुलींची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये.

उलट, वजन थांबलं म्हणून स्वतःहून पुन्हा पाण्यावर राहायला सुरुवात करणं हा सगळ्यात वाईट उपाय. स्नायू आणखी जातात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आधीच काठावर असतं. सतत उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर ती बी-१ ची कमतरता असू शकते आणि तिच्यासाठी उद्याची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पोटात सणकून दुखणं, ताप, नाडी वेगाने धावणं यालाही हेच लागू. वजन पुन्हा खूप चढलं तर आता जीएलपी-१ गटाची इंजेक्शनं आहेत, दुसरं ऑपरेशनही असतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारणीच्या अनुभवावरून नाही.

काजूची बरणी आता दुसऱ्या टोकाच्या टेबलावर असते. चतुर्थीच्या आधी ८२.४ होते, नेवऱ्या, पातोळ्या आणि खतखतं झाल्यावरच्या रविवारी ८३.१. सासूबाईंनी विचारलं, “कितें गो, वाडलें?” म्हटलं, आई, सातशे ग्रॅम, पाच दिवसांच्या जेवणाचं पाणी असेल त्यात. नेवऱ्या चार खाल्ल्या, त्यातली एक अर्धी तुमच्याच ताटात ठेवली होती. पुढच्या रविवारी काटा ८२.६ ला आला.